जन्मदात्याचा नकार असताना सावत्र मुलाला दत्तक घेणं: सोलापुरातल्या कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

आधी उत्तर, मग बाकीचं. मुलाचा जन्मदाता बाप हयात आहे, शुद्धीवर आहे आणि दत्तकाला सरळ 'नाही' म्हणतो आहे, तर त्याचा नकार बाजूला सारून सावत्र बापाला दत्तक मिळवून देणारा सोपा रस्ता आपल्या कायद्यात नाही. पोटगी दिली नाही, वर्षानुवर्षं तोंड दाखवलं नाही, दारू पितो, ही कारणं ताब्याच्या दाव्यात वजनदार असतात. हिंदू दत्तक कायद्यात मात्र संमतीची जागा ती घेऊ शकत नाहीत. तरीही बऱ्याच घरांचं काम मार्गी लागतं. कधी नकार वाटला तेवढा पक्का नसतो, कधी तो देणाऱ्याला तसा अधिकारच नसतो, तर कधी घराला जे हवं असतं ते दत्तकाशिवायही मिळतं.

पुढे मी सावत्र बाप दत्तक घेतोय असं धरून लिहिलं आहे. सावत्र आई दत्तक घेणार असेल आणि जन्मदाती आई अडून बसली असेल, तरी मुख्य नियम तेच.

पहिलं लग्न कायद्याने मोडलंय का?

वकिलाकडे जाण्याआधी कपाट उघडा आणि घटस्फोटाचा कागद काढून बघा. तो न्यायालयाचा हुकूमनामा आहे की पाचशेच्या स्टँपवर नोटरीसमोर केलेली सोडचिठ्ठी? आपल्याकडे समाजातल्या चार पंचांना बसवून फारकत करून घेण्याची रीत अनेक जातींत आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे हे खरं, पण तशी रूढी तुमच्या समाजात खरोखर चालत आली आहे हे पुराव्याने दाखवावं लागतं. नुसता नोटरीचा कागद पुरत नाही. पहिलं लग्न कायद्याने शाबूत असेल तर दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि 'सावत्र बाप' हे नातंच कागदावर उभं राहत नाही. विरोध करणाऱ्या बाजूचा वकील पहिला घाव इथेच घालतो.

तेव्हा दोन कागद हाताशी हवेत: घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल आणि दुसऱ्या लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र. हुकूमनाम्यानंतर अपिलाची मुदत ९० दिवसांची असते. ती संपायच्या आत दुसरं लग्न झालं असेल तर ते वकिलापासून लपवू नका. सोडचिठ्ठीच असेल तर रूढीच्या आधारे न्यायालयाकडून जाहीर ठराव मागायचा की आणखी काही करायचं, हे आधी ठरवा. दत्तकाचा विषय त्यानंतर काढा.

दोन कायदे, दोन वाटा

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ सालचा आहे. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीखही त्यात येतात. पद्मशाली, लिंगायत, मराठा, धनगर, नवबौद्ध अशा सोलापुरातल्या बहुतेक कुटुंबांना तो लागू पडतो. त्याचं कलम ९ नीट वाचून घ्या. २०१० च्या दुरुस्तीनंतर मूल दत्तक देण्याचा हक्क आई आणि बाप दोघांना सारखा आहे, पण एकाने तो वापरायचा तर दुसऱ्याची संमती लागते. अपवाद तीनच: दुसऱ्याने पूर्णपणे आणि कायमचा संन्यास घेतलेला असणं, तो हिंदू न राहणं, किंवा सक्षम न्यायालयाने त्याला वेडसर ठरवलेलं असणं. 'सोडून गेला' हा अपवाद त्यात नाही. कायमचा ताबा आईकडे आहे म्हणून ती एकटी मूल देऊ शकेल, असंही होत नाही. हुकूमनाम्यात 'ताबा आईकडे राहील' असं लिहिलंय म्हणून निर्धास्त झालेली माणसं इथेच अडकतात.

या कायद्याच्या आणखी काही अटी सावत्र नात्यात आडव्या येतात. मूल १५ वर्षांच्या आतलं आणि अविवाहित हवं. मुलगा घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला हयात मुलगा किंवा नातू नसावा, मुलगी घ्यायची असेल तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. पुरुषाने मुलगी दत्तक घ्यायची तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागतं. नव्या नवऱ्याला पहिल्या बायकोपासून मुलगा असेल तर तुमच्या मुलासाठी ही वाट तिथेच संपते, मग जन्मदाता संमती देवो न देवो.

दुसरी वाट बाल न्याय कायदा २०१५ ची. ती कुठल्याही धर्माच्या माणसाला खुली आहे, म्हणून मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी तीच कामाची. शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच, आधीच्या बाल न्याय कायद्याखाली, हे स्पष्ट केलं होतं. हिंदू कुटुंबही ती निवडू शकतं. सावत्र पालकाच्या दत्तकासाठी २०२२ च्या दत्तक विनियमांत स्वतंत्र तरतूद आहे, मूल १८ वर्षांच्या आतलं चालतं, आणि लग्नाला दोन वर्षं झाल्याची अट व पालकांच्या वयाचे निकष सावत्र पालकांना लागू होत नाहीत. संमतीपत्र मात्र याही वाटेवर मागतात. शिवाय एक गोष्ट हमखास विसरली जाते: मुलाच्या ताब्याचा दावा न्यायालयात चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत दत्तकाची प्रक्रिया सुरूच होत नाही. विरोध करणाऱ्याने नुसता ताब्याचा अर्ज टाकला तरी तुमची गाडी थांबते. म्हणून आधी ताब्याचा निकाल, मग दत्तक.

'नाही' नेमकं कोण म्हणतंय?

जन्मदाता बाप वारला असेल आणि आजी-आजोबा, काका विरोध करत असतील, तर घाबरायचं कारण नाही. दत्तक द्यायला त्यांची संमती लागत नाही. अकेला ललिता प्रकरणात २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बापाच्या मृत्यूनंतर आई ही एकमेव नैसर्गिक पालक असते, मुलाचं आडनाव ठरवण्याचा आणि मूल दत्तक देण्याचाही तिला हक्क आहे. त्या प्रकरणातही वारलेल्या नवऱ्याचे आईवडील आडनावावरून भांडत होते. मृत्यूचा दाखला आणि त्या निकालाची प्रत जवळ ठेवा. आजोबांनी नातवाच्या भेटीसाठी किंवा ताब्यासाठी अर्ज केला तर त्याला उत्तर द्यावं लागेल, एवढंच.

आई अविवाहित असेल आणि बापाने मूल कधी आपलं म्हटलंच नसेल, तर पालकत्वाच्या बाबतीत आईची बाजू भक्कम असते. २०१५ च्या एबीसी विरुद्ध दिल्ली राज्य या निकालात अविवाहित आईला बापाला नोटीस न काढता पालकत्व मागण्याची मुभा मिळाली.

राहिला हयात असलेला घटस्फोटित बाप. पुढचा बहुतेक मजकूर त्याच्याबद्दल आहे.

बोलणी: नकाराच्या मागचं कारण शोधा

इथे घाई करू नका, कारण खरं काम इथेच होतं. 'माझं पोरगं दुसऱ्याच्या नावाने का लावू?' हे वाक्य कानावर येतंच, पण त्यामागे निरनिराळी कारणं असतात. कुणाला मुलाची भेट कायमची बंद होईल अशी धास्ती असते. कुणाला त्याच्या घरचे बोलतात, 'वंशाचा दिवा देऊन टाकला' म्हणून. मोहोळ, माढ्याकडची बागायत जमीन असेल तर हिश्श्याचं राजकारण असतं. कुणाचा नुसता राग असतो, तो बायकोवर. आणि काहींना वाटतं, सही अडवून धरली की पोटगीत सूट मिळेल.

या शेवटच्या मंडळींशी बोलताना सांभाळा. दत्तकाच्या बदल्यात पैसे देणं-घेणं हिंदू दत्तक कायद्याच्या कलम १७ नुसार गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'थकलेली पोटगी सोडतो, तू सही दे' असा मजकूर वकिलाला विचारल्याशिवाय कागदावर आणू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे, आई तो परस्पर विकू शकत नाही.

बोलायला कुणाला पाठवायचं? मामाला शक्यतो नको. मामा गेला की जुनं भांडण नव्याने पेटतं. दोन्ही घरांना मान्य असलेला वडीलधारा माणूस, किंवा त्याहून बरं म्हणजे न्यायालयाचं मध्यस्थी केंद्र. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशकही असतात. मध्यस्थीत झालेलं बोलणं गुप्त राहतं, त्यामुळे तिथे माणूस जरा मोकळा होतो.

भेटीची धास्ती असेल तर खरं काय ते सांगा. दत्तकानंतर जन्मदात्याचा पालक म्हणून हक्क राहत नाही, भेटीचा करार केला तरी तो कायद्याने किती टिकेल याची खात्री देता येत नाही. हे झाकून सही घेतली तर उद्या 'फसवून संमती घेतली' असा दावा येतो. वैध दत्तक कुणालाच रद्द करता येत नाही, पण संमतीच खोटी होती असं सिद्ध झालं तर ते दत्तक मुळात वैध ठरतच नाही.

ज्यांचा घटस्फोट अजून चालू आहे त्यांनी एक करावं. परस्पर संमतीच्या अर्जात दत्तकाचा मुद्दा स्पष्ट शब्दांत घालून घ्यावा: आईने पुढे पुनर्विवाह केला आणि त्या पतीला मूल दत्तक घ्यायचं असेल तर वडिलांची हरकत राहणार नाही, वगैरे. प्रत्यक्ष दत्तकाच्या वेळी ताजी संमती घ्यावीच लागते, पण हा मजकूर असला की माणूस सहसा उलटत नाही.

बापाचा पत्ताच नसेल तर

कामासाठी भिवंडीला किंवा सुरतला गेला आणि परत आला नाही, ही यंत्रमागाच्या शहरातली ओळखीची गोष्ट. त्याला 'नकार' म्हणता येत नाही, पण संमतीही नाही. पहिल्यांदा शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. पाकीट 'घेण्यास नकार' शेऱ्याने परत आलं तर ती नोटीस पोचली असं धरता येतं. 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा असेल तर ते पाकीट न फोडता जपून ठेवा, ते पुराव्याचं आहे. न्यायालयात प्रकरण असेल तर परवानगीने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देता येते. ती सोलापूरच्या आवृत्तीत आणि तो शेवटी जिथे होता तिथल्या पत्रातही द्यावी.

ज्यांना त्याची खबर असायलाच हवी होती अशा लोकांना सात वर्षं त्याच्याबद्दल काहीच कळलेलं नसेल, तर तो मृत असल्याचं जाहीर करून घेण्यासाठी दिवाणी दावा लावता येतो. त्यासाठी पोलिसांत केलेली हरवल्याची तक्रार फार उपयोगी पडते. ती आजवर दिली नसेल तर आज द्या. सात वर्षं झालेली नसतील तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे लेखी अर्ज करून सगळी हकीकत मांडा. विशिष्ट प्रकरणात विनियम शिथिल करण्याची तरतूद केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे आहे. मागणी मान्य होईलच असं नाही, पण अर्ज केल्याशिवाय विचारही होत नाही.

नकार कायम राहिला तर: दत्तक सोडून बाकी सगळं मिळवा

एका कागदावर लिहून काढा की दत्तक नेमकं कशासाठी हवं आहे. बहुतेक याद्या सारख्याच निघतात: शाळेचं काम, पासपोर्ट, आजारपणात सही, आडनाव, आणि आपल्यामागे मुलाला मिळकत मिळावी ही इच्छा. यातल्या आडनावाचा गुंता सोडला तर बाकी सगळ्याला वाट आहे.

सावत्र बाप कायद्याने नैसर्गिक पालक नसतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये तसा खुलासाच आहे. पालकत्वासाठी पालक व पाल्य कायदा १८९० खाली अर्ज करता येतो, पण जन्मदाता अपात्र ठरल्याशिवाय न्यायालय सहसा तिसऱ्याला नेमत नाही. म्हणून अर्ज आईच्या नावाने करावा आणि मागण्या नेमक्या ठेवाव्यात: मुलाचं शिक्षण, वैद्यकीय उपचार, पासपोर्ट आणि बँक खातं यांबाबत आई एकटी निर्णय घेईल, वडिलांच्या सहीची गरज राहणार नाही. बाप पोटगी देत नाही, भेटायला येत नाही, मारहाणीची तक्रार आहे, हे सगळं इथे कामाला येतं. दत्तकात ज्या पुराव्यांना किंमत नव्हती, त्यांना इथे आहे, कारण न्यायालय मुलाच्या हिताचा विचार करतं आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणंही ऐकतं. सोलापूर शहरासाठी हे काम कौटुंबिक न्यायालयात चालतं. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोल्याच्या लोकांनी आपला अर्ज कुठल्या न्यायालयात लागतो हे आधी विचारून घ्यावं. मूल सध्या राहतं ते ठिकाण महत्त्वाचं असतं.

पासपोर्टसाठी दुसऱ्या पालकाची संमती नसली तर त्यासाठीचं वेगळं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. वरचा आदेश सोबत जोडला की अडचण कमी येते.

मिळकतीचं काम सगळ्यांत सोपं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. सावत्र मूल हिंदू वारसा कायद्यात सावत्र बापाचं वारस नसतं. म्हणून मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून टाकलेली बरी, कारण नंतर पुतणे उभे राहतात. मृत्युपत्र स्वतःच्या मिळकतीचं आणि स्वतःच्या हिश्श्यापुरतंच करता येतं. विम्यात मुलाला नामनिर्देशित करा आणि ते सज्ञान होईपर्यंत पैसे कुणाच्या हाती जातील तेही नोंदवा.

आडनावाचं काय? शाळेच्या रजिस्टरात परस्पर सावत्र बापाचं नाव वडील म्हणून लावू नका. हे फार घरांत होतं. शाळेतला ओळखीचा बाबू करून देतो आणि दहावीच्या फॉर्मच्या वेळी जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला तिघं तीन तोंडाला जातात. सोलापुरात त्यात आणखी भर: घरात नाव तेलुगू किंवा कन्नड वळणाचं, दाखल्यावर मराठी लेखनाचं, उर्दू माध्यमात तिसरंच. आईच्या पालकत्वाच्या आदेशात आडनावाचीही मागणी करता येते. नाहीतर मूल १८ वर्षांचं झालं की ते स्वतः राजपत्रातून आडनाव बदलू शकतं, तेव्हा कुणाला विचारायचं कारण उरत नाही.

दुसरी वाईट सवय म्हणजे 'बाप बेपत्ता आहे' असं खोटं प्रतिज्ञापत्र करून दत्तकपत्र उरकणं. बाप वळसंगला राहतो, सगळ्या गावाला माहीत. खोट्या शपथेची फौजदारी होते ती वेगळी, पण मूल पंचवीस वर्षांचं असताना जमिनीच्या दाव्यात हे दत्तक उघडं पडलं तर नुकसान त्याचं.

संमती मिळाली: आता कागद

हिंदू कायद्याने करायचं असेल तर दत्तकपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. नोंदवलेला आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्या असलेला दस्त न्यायालय खरा धरून चालतं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. जन्मदात्याला निबंधकापुढे स्वतः हजर करा, नुसती घरून आणलेली सही नको. मूल प्रत्यक्ष देण्या-घेण्याचा विधी व्हायलाच हवा, दत्तहोम मात्र सक्तीचा नाही. फोटो काढा आणि दोन्ही बाजूंचे साक्षीदार ठेवा. इथे आई एकीकडे मूल देणारी, दुसरीकडे घेणाऱ्याची बायको असते, म्हणून दस्ताची भाषा अनुभवी वकिलाकडूनच करून घ्या.

बाल न्याय कायद्याची वाट घेतली तर आई आणि सावत्र बाप यांनी मिळून काराच्या पोर्टलवर नोंदणी करायची, कागद चढवायचे आणि अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत पुढे न्यायचा. कक्ष जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतो. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, तेव्हापासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. सुनावणी बंद दालनात होते, मुलाच्या वयाप्रमाणे त्याची इच्छा विचारली जाते, आणि दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. आदेशाने नाराज असलेल्याला ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं, आपल्यासाठी ते पुण्यात. जन्मदात्याने अपील केलं तर तुम्हालाही पुण्याला जावं लागेल. रिट याचिकेची वेळ आलीच तर आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो.

सही करण्याआधी एक हिशेब

दत्तकाने मुलाचं जन्मघराशी असलेलं कायदेशीर नातं तुटतं. जन्मदात्याची पोटगी थांबते. त्याच्यामागे मिळणारा वारसाहक्क जातो. दत्तकाआधी मुलाच्या नावावर आलेली मिळकत मुलाकडेच राहते, पण एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित जमिनीतल्या, वाटणी न झालेल्या हिश्श्यावर न्यायालयात वाद होतात. तिकडे आजोबांची आठ एकर बागायत असेल आणि इकडे सावत्र बाप अक्कलकोट रोडच्या कारखान्यात रोजावर असेल, तर सातबारा काढून आधी वाटणीचा प्रश्न बघा. काही घरांना हा हिशेब मांडल्यावर दत्तकाचा आग्रह सोडावासा वाटतो, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर माहिती हवी असेल तर १५१००. जाताना घटस्फोटाचा हुकूमनामा, दुसऱ्या लग्नाचं प्रमाणपत्र, मुलाचा जन्मदाखला, पोटगीचे आदेश आणि परत आलेली पाकिटं एकाच फाईलमध्ये न्या.